बंद दाराबाहेरची मुलगी : 'लिऑन' कसा पाहावा

आपल्या प्रश्नाचा गोषवारा असा : 'लिऑन : द प्रोफेशनल' आपण अलीकडे पाहिला आणि तो आवडला; परंतु मित्रांमध्ये चर्चा निघाली तेव्हा 'नुसती स्टाइल आहे, आत काही नाही' असा शेरा मिळाला आणि त्यावर काय बोलावे हे आपल्याला सुचले नाही. शिवाय एक प्रौढ भाडोत्री मारेकरी आणि बारा वर्षांची मुलगी यांचे नाते पाहताना मधूनमधून आपल्याला अवघडल्यासारखे झाले, ते का, हेही आपल्याला समजून घ्यायचे आहे. मी पंचवीसहून अधिक वर्षे संकलनाचे काम करतो आणि अधूनमधून चित्रपट रसास्वादाच्या वर्गांत शिकवतो, म्हणून उत्तर संकलकाच्या टेबलावरून देतो. चित्रपट आपण पाहिलेला असल्यामुळे शेवटासह सगळे मोकळेपणाने लिहीत आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी. हा चित्रपट 1994 सालचा. लेखक आणि दिग्दर्शक ल्यूक बेसाँ फ्रेंच, निर्मिती फ्रेंच, भाषा मात्र इंग्रजी आणि कथा न्यूयॉर्कमध्ये घडणारी. रस्त्यावरची दृश्ये न्यूयॉर्कमध्ये आणि आतली बरीचशी फ्रान्समध्ये चित्रित झाली, त्यामुळे पडद्यावरचे न्यूयॉर्क ओळखीचे वाटूनही किंचित परके राहते. छायालेखन तिएरी आर्बोगास्त यांचे, संगीत एरिक सेरा यांचे आणि संकलन सिल्वी लांद्रा यांचे. 1980 च्या दशकात बेसाँ, जाँ-जाक बेनेक्स आणि लिओस काराक्स या तीन फ्रेंच दिग्दर्शकांना समीक्षकांनी एकत्र बसवून 'सिनेमा द्यू लुक' असे नाव दिले होते, म्हणजे देखणेपणाचा, रूपाचा सिनेमा, आणि त्या नावात कौतुकापेक्षा टोमणाच अधिक होता. आपल्या मित्रांचा शेरा त्यामुळे नवा नाही. चित्रपट जन्माला येण्याआधीपासून तो त्याच्या दिग्दर्शकाच्या मागे लागलेला आहे.

लिऑनच्या स्वभावाकडे पाहिले की या शेऱ्याचे उत्तर हाती लागू लागते. हा भाडोत्री मारेकरी इटलीतून आलेला, निरक्षर, मोजके बोलणारा माणूस आहे. त्याला स्वतःच्या मनात काय चालले आहे ते सांगता येत नाही, आणि बहुधा त्याला ते ठाऊकही नसते. मटिल्डा, म्हणजे ती बारा वर्षांची मुलगी, उलट खूप बोलते, पण तिचे बरेचसे बोलणे मोठ्यांकडून उचललेले, खोटे वय सांगणारे आणि धाडसाचा आव आणणारे असते. म्हणजे एकाला शब्द नाहीत आणि दुसरीच्या शब्दांवर विश्वास ठेवता येत नाही. अशा दोघांमध्ये जिव्हाळा निर्माण झाला हे प्रेक्षकाला पटवायचे तर ते काम संवादांकडून होणार नाही. ते प्रकाशाने, चौकटीने, वस्तूंनी आणि कटच्या लयीने करावे लागते. ज्याला आपले मित्र स्टाइल म्हणतात ती इथे नात्याची बोली आहे, असे माझे मत आहे, आणि ते मी दोन-तीन प्रसंगांच्या आधारे दाखवू इच्छितो.

सुरुवातीचा प्रसंग आठवा. सेंट्रल पार्कच्या झाडीवरून कॅमेरा शहरात शिरतो आणि लिटल इटलीतल्या एका उपाहारगृहात येऊन थांबतो. टोनी नावाचा मध्यस्थ, म्हणजे डॅनी आयेलो, समोरच्या माणसाला काम सांगतो आहे. हा समोरचा माणूस आपल्याला अखंड दिसत नाही. दुधाचा पेला, गोल काळा चष्मा, टेबलावरची बोटे, चेहऱ्याचा एखादा तुकडा एवढेच दिसते. आडव्या, रुंद चौकटीत इतक्या जवळून घेतलेला चेहरा कपाळापाशी आणि हनुवटीपाशी कापला जातो, आणि माणूस सुट्या भागांत पोहोचतो. पुढे हॉटेलमधली कामगिरी सुरू होते, तेव्हा तर तो जवळजवळ अदृश्यच असतो. सशस्त्र अंगरक्षक एकेक करून नाहीसे होतात, कोण मारतो आहे ते दिसत नाही, आणि शेवटी त्या लठ्ठ गृहस्थाच्या मागच्या अंधारातून सुरा धरलेला एक हात सावकाश पुढे येतो. निरोप पोहोचवून झाला की तो चेहरा पुन्हा अंधारात विरून जातो, जणू तिथे कुणी नव्हतेच.

मारधाडीच्या चित्रपटात नायकाचा प्रवेश हा मिरवण्याचा क्षण असतो. आपल्याकडे तर पायापासून चेहऱ्यापर्यंत चढत जाणारा कॅमेरा, वारा, शिट्ट्या असा सारा सरंजाम त्यासाठी राखून ठेवलेला असतो. इथे दिग्दर्शकाने नायकाला जास्तीत जास्त लपवले आहे. ही भीती निर्माण करण्याची युक्ती आहेच, परंतु तिचे खरे व्याज पुढे मिळते. कारण त्यानंतर लगेच हा अदृश्य माणूस आपल्याला त्याच्या खोलीत, पूर्ण उजेडात दिसतो. तो दूध पितो, कपड्यांना इस्त्री करतो, एकुलत्या एका कुंडीतल्या झाडाची पाने पुसतो, झाड खिडकीत उन्हाला ठेवतो आणि खुर्चीत बसल्या बसल्या झोपतो. पलंगावर तो झोपत नाही, ही गोष्ट लक्षात ठेवा. रिकाम्या चित्रपटगृहात जीन केली या नर्तक-अभिनेत्याला चाकांच्या बुटांवर नाचताना पाहून तो लहान मुलासारखा खुलतो आणि आपला आनंद कुणाला तरी दाखवावा म्हणून मागे वळून पाहतो. लिऑन साकारणाऱ्या जाँ रेनो यांचा उंच, हाडापेराने मजबूत देह आणि त्यावर आखूड विजार, लोकरी टोपी, मोठा कोट असा काहीसा विदूषकी वेश यांतली विसंगती पहिल्या पंधरा-वीस मिनिटांत आपल्या मनात रुजवली जाते. अंधारात तो यंत्र आहे आणि उजेडात पोर. या दोन अवस्थांच्या मध्ये एक दार आहे, आणि चित्रपटातला सर्वांत महत्त्वाचा प्रसंग त्या दारावरच घडतो.

मटिल्डा त्याच मजल्यावर राहते. जिन्याच्या कठड्यातून पाय सोडून बसते, चोरून सिगारेट ओढते, घरी मार खाते. नाकातून रक्त येत असताना लिऑन तिला रुमाल देतो. वाणसामान आणायला निघालेली ती त्याला काही हवे का विचारते आणि तो दूध मागतो. ती बाहेर असताना स्टॅन्सफील्ड हा अमली पदार्थविरोधी खात्याचा अधिकारी आपल्या माणसांसह येतो आणि मालात भेसळ केल्याच्या कारणावरून तिच्या घरातल्या सर्वांना ठार करतो. लिऑन हे दाराच्या भिंगातून पाहत असतो. मग मुलगी दोन पिशव्या कवटाळून मजल्यावर येते. घराचे दार उघडे, वडील उंबऱ्यापाशी पडलेले, शेजारी बंदूकधारी माणूस. ती क्षणात सारे ओळखते, पावलांचा वेग बदलत नाही, स्वतःच्या घरासमोरून परक्या मुलीसारखी पुढे जाते आणि मजल्याच्या टोकाशी लिऑनची घंटा वाजवते.

हा प्रसंग मी विद्यार्थ्यांना आधी आवाज बंद करून दाखवतो. संकलकाकडे इथे मोजक्याच गोष्टी आहेत : दाराबाहेरचा मुलीचा चेहरा, आतून भिंगाला लावलेला डोळा, भिंगातून वाकडी दिसणारी मुलगी, आणि मागे उभा असलेला तो पहारेकरी, ज्याचे लक्ष हळूहळू तिच्याकडे वळू लागले आहे. हातघाईचा प्रसंग कापताना आमचा कल तुकडे आखूड करत नेण्याकडे असतो, कारण ताण म्हणजे वेग असा एक समज या धंद्यात घट्ट बसला आहे. लांद्रा यांनी इथे हात आखडता घेतला आहे. मुलीचा चेहरा त्या पुरेसा वेळ पडद्यावर ठेवतात. तिचे ओठ हलतात, ती पुटपुटत विनवणी करते, डोळ्यांतून पाणी येते पण मागून पाहणाऱ्याला संशय येऊ नये म्हणून खांदे स्थिर राहतात. दर वेळी कट लिऑनच्या डोळ्यावर जातो आणि दर वेळी काहीच घडत नाही. त्याचा चेहरा पूर्ण दिसत नसल्यामुळे त्याची घालमेल आपल्याला वाचता येत नाही. ती आपण आपल्या मनात करतो. त्याने दार उघडावे असे आपल्याला इतके तीव्रतेने वाटू लागते की, हा पैशासाठी माणसे मारणारा आहे, हे आपण विसरतो. आणि मग तिच्या चेहऱ्यावर एकदम उजेड येतो. दार उघडताना दिसत नाही, आधी उजेड दिसतो.

माझ्या मते चित्रपटाचे नाते या उजेडात तयार झाले. त्यानंतर येणाऱ्या साऱ्या गोष्टी त्याचा विस्तार आहेत. पटकथेच्या पातळीवर हा अपघात आहे, शेजारच्या माणसाने एका मुलीचा जीव वाचवला एवढेच. परंतु अंधारात राहणाऱ्या माणसाकडून उजेड आला, ही गोष्ट छायालेखकाने आणि संकलकाने सांगितली आहे, लेखकाने शब्दांत कुठेही लिहिलेली नाही. पुण्यात फिल्म संस्थेत सतीश बहादूर यांनी रसास्वाद शिकवण्याची जी परंपरा घालून दिली, तिचा गाभा असा प्रसंग शॉटमागून शॉट उलगडून पाहणे हाच आहे. त्या पद्धतीने आपण हा प्रसंग एकदा पाहावा. 'आत काही नाही' या शेऱ्याला तेवढे पुरे व्हावे.

दार उघडल्यानंतर दिग्दर्शक घाईने भावुक होत नाही, याचेही श्रेय द्यायला हवे. रडणाऱ्या मुलीला कसे समजवावे हे लिऑनला माहीत नसते, म्हणून तो स्वयंपाकघरातला डुकराच्या आकाराचा हातमोजा हातात घालून त्याच्याकडून तिच्याशी बोलतो. त्याच रात्री ती झोपलेली असताना तो उठतो आणि तिच्या डोक्यावर पिस्तूल रोखून उभा राहतो. साक्षीदार ठेवायचा नसतो, हा त्याच्या व्यवसायाचा नियम आहे. स्त्रिया आणि मुले मारायची नाहीत, हा त्याचा स्वतःचा नियम आहे. आणि दोन नियमांच्या कात्रीत सापडलेला हा माणूस पुन्हा जाऊन खुर्चीत बसतो. कमी प्रतीच्या चित्रपटात ही दुसरी बाजू गाळली गेली असती. माझ्या सुरुवातीच्या काळात एका निर्मात्याने माझ्याकडून अशाच एका प्रसंगातला नायकाचा संशयास्पद क्षण कापून घेतला होता, कारण प्रेक्षक नाराज होतील अशी त्याला धास्ती होती. क्षण गेला आणि त्याबरोबर पुढच्या मायेचे वजनही गेले. ती चूक माझीही होती, कारण मी पुरेसे भांडलो नाही.

पुढचा भाग देवाणघेवाणीचा आहे. ती त्याला वाचायला शिकवते, तो तिला शस्त्र हाताळायला शिकवतो. ती साफसफाई करते, हॉटेलात नावे नोंदवते, बाहेरच्या जगाशी व्यवहार करते. तो दूध पितो आणि व्यायाम करतो. घरातले मोठे माणूस कोण, हा प्रश्न विचारला तर उत्तर दर प्रसंगाला बदलते. कंटाळा घालवण्यासाठी दोघे वेश करून नकलांचा खेळ खेळतात तेव्हा ती मॅडोना, मेरिलिन मन्रो, चॅप्लिन होते आणि त्याला त्यातले बहुतेक ओळखता येत नाहीत. जीन केली मात्र तो झटकन ओळखतो. त्याची पाळी येते तेव्हा तो जॉन वेन होतो आणि तिला तो क्लिंट ईस्टवूड वाटतो. विनोदी प्रसंग आहे, पण त्यातून कळते ते असे की या दोघांना एकमेकांचे जग माहीत नाही, आणि चित्रपटगृहाच्या अंधारात पाहिलेल्या एका नाचाचा धागा तेवढा दोघांच्या हाती आहे.

कुंडीतल्या झाडाबद्दल फार लिहिले गेले आहे, म्हणून मी थोडक्यात सांगतो. ते झाड त्याच्यासारखेच, मुळे नसलेले आहे, असे खुद्द चित्रपटातच सुचवले जाते. प्रतीक उघड आहे आणि थोडे बाळबोधही. मात्र रस्त्याने जाताना तो सामानाची पेटी उचलतो आणि ती झाड कवेत घेऊन शेजारून चालते, ते दृश्य मनातून जात नाही, कारण तिथे प्रतीकाचे ओझे नसून एक चालते-बोलते बिऱ्हाड आहे.

गॅरी ओल्डमन यांच्या स्टॅन्सफील्डविषयी रसिकांत दोन तट आहेत. तो मण्यांचा पडदा दोन्ही हातांनी सारतो, कॅप्सूल चावून मान मागे टाकतो, कॅमेरा वरून त्याच्या चेहऱ्यात डोकावतो, आणि माणसे मारण्याआधी तो बेथोव्हनवर बोलतो. हा अभिनय अतिरेकी आहे हे मान्य करूनच मी त्याची बाजू घेतो. लिऑन गप्प आहे म्हणून स्टॅन्सफील्ड बडबडा आहे. लिऑन लपतो म्हणून स्टॅन्सफील्ड मिरवतो. कायद्याचा बिल्ला असलेला माणूस मुलांवर गोळ्या झाडतो आणि कायद्याबाहेरचा माणूस मुलांना न मारण्याच्या नियमावर ठाम आहे, ही उलटापालट पटायची तर दोन अभिनयशैलींतले अंतर कानठळ्या बसवणारे असावे लागते. दोघेही संयत असते तर चित्रपट वास्तववादी झाला असता आणि कोसळला असता, कारण त्याची घटनावली वास्तवाच्या परीक्षेला उतरणारी नाही.

आता अवघडलेपणाचा प्रश्न, ज्यावर आपण प्रामाणिकपणे बोट ठेवले आहे. आपल्या साहित्यशास्त्राची भाषा इथे उपयोगी पडते. भरताने आठ रस मानले. वात्सल्याला स्वतंत्र रसाचे स्थान बऱ्याच उशिरा मिळाले, विश्वनाथाने 'साहित्यदर्पणा'त वत्सल हा रस मानला आणि अपत्य हे त्याचे आलंबन, म्हणजे ज्याच्यावर ती भावना जडते ते, सांगितले. 'लिऑन'चा प्रधान रस वत्सल आहे, फक्त त्याचे आलंबन वारंवार बदलते : कधी मुलगी अपत्य असते, कधी मारेकरी. अडचण अशी की मटिल्डा या भावनेला शृंगाराचे नाव देते. जिथे तिला कुणी माया दाखवली नाही तिथे माया आणि प्रीती यांतला फरक तिला कळण्याचे कारणही नाही. म्हणून ती पडद्यावर पाहिलेल्या बायकांसारखी बोलते. लिऑन त्यापासून दचकतो, मागे सरतो, त्याला दुधाचा ठसका लागतो. पात्रांच्या पातळीवर हे सुसंगत आहे. प्रश्न कॅमेऱ्याचा आहे. काही ठिकाणी कॅमेरा लिऑनच्या दचकण्यात सामील होतो आणि काही ठिकाणी, विशेषतः नकलांच्या प्रसंगात, तो मुलीकडे जरा अधिक रेंगाळून पाहतो. आपले अवघडलेपण त्या रेंगाळण्यातून आलेले आहे आणि ते योग्यच आहे. मटिल्डाची भूमिका करणाऱ्या नॅटली पोर्टमन चित्रीकरणाच्या वेळी बारा वर्षांच्या आसपास होत्या आणि हा त्यांचा पहिला चित्रपट. 2023 मध्ये त्यांनी स्वतःच एका मुलाखतीत, या चित्रपटाने आपल्याला कारकीर्द दिली, पण आजच्या नजरेने त्यातले काही भाग ओशाळवाणे वाटतात, अशा अर्थाचे मत मांडले आहे. चित्रपटावर प्रेम करणाऱ्याने हे मत झटकून टाकू नये.

संकलकाला यात आणखी एक गोष्ट दिसते. हा चित्रपट दोन लांबींत उपलब्ध आहे. पहिल्यांदा प्रदर्शित झालेली प्रत 110 मिनिटांची आणि 1996 मध्ये फ्रान्समध्ये आलेली मोठी प्रत 133 मिनिटांची. मोठ्या प्रतीत मटिल्डा लिऑनबरोबर प्रत्यक्ष कामगिऱ्यांवर जाते, दाराच्या भिंगावर च्युइंगगम चिकटवते. उपाहारगृहात शॅम्पेन पिऊन अनावर हसते. एकच गोळी भरलेले पिस्तूल स्वतःच्या डोक्याला लावून त्याला पेचात पकडते. आणि आपला पहिला प्रियकर व्हावे असे त्याला सुचवते, तेव्हा तो तरुणपणी इटलीत गमावलेल्या प्रेयसीची कहाणी सांगतो. त्या रात्री तो प्रथमच पलंगावर झोपतो.

या तेवीस मिनिटांनी काय होते? व्यक्तिरेखा भरीव होते, हे खरे. लिऑन बायकांपासून दूर का राहिला, त्याचे वय कुठे गोठले, हे कळते, आणि त्याचा नकार अधिक स्पष्ट शब्दांत ऐकू येतो. पण मुलीच्या तोंडी आलेली मागणीही तितकीच स्पष्ट होते, आणि जे आधी दारातल्या उजेडात सांगून झाले होते ते आता संवादांत पुन्हा सांगितले जाते. मला छोटी प्रत अधिक आवडते. छोट्या प्रतीतला लिऑन आपल्यापासून थोडा लपलेला राहतो आणि ज्या पद्धतीने त्याची ओळख करून दिली तिच्याशी ते इमान राखणारे आहे. माझ्या बरोबरीचे अनेक संकलक मोठ्या प्रतीच्या बाजूने आहेत आणि त्यांचे म्हणणे असे की, कामगिऱ्यांचे प्रसंग वगळल्यामुळे मुलगी हिंसेत किती खोल उतरली हे दडवले जाते, म्हणजे छोटी प्रत जास्त सोज्वळ आणि म्हणून जास्त अप्रामाणिक आहे. या आक्षेपात तथ्य आहे. तरीही टेबलावर बसल्यावर मी तीच तेवीस मिनिटे काढली असती, कदाचित च्युइंगगमचा प्रसंग तेवढा ठेवून.

हे नाते किती नाजूक तोलावर उभे आहे याचा पुरावा हिंदीत सापडतो. 2000 साली आलेला गुड्डू धनोआ दिग्दर्शित 'बिच्छू' हा याच कथेवर बेतलेला. बॉबी देओल मारेकरी आणि राणी मुखर्जी शेजारची मुलगी. मुलीचे वय वाढवून तिला तरुणी केले, म्हणजे अवघडलेपणाचा प्रश्न मिटला, गाण्यांना जागा झाली आणि नायकाच्या बदल्याला एक रीतसर पूर्वकथाही मिळाली. पण तरुणीने देखण्या तरुणाच्या दारावर थाप मारली आणि त्याने दार उघडले, तर त्यात नवल ते काय? जे नाते जुळायला नको होते ते जुळले, हा मूळ चित्रपटाचा प्राण होता. अडचण काढून टाकली आणि प्राणही गेला. मोठ्या चुकांपेक्षा अशा समजूतदार दुरुस्त्यांनी चित्रपट अधिक मरतात, हे मी या धंद्यात वारंवार पाहिले आहे.

चित्रपटात दोष नाहीत असे मुळीच नाही. मुलगी जेवणाच्या पुड्यांची पिशवी घेऊन सरकारी कचेरीत शस्त्रांसह शिरते, तो भाग तर्काच्या फुटपट्टीने मोजण्यासारखा नाही. टोनीचे पात्र फार लवकर दयाळू ठरवले जाते. लिऑनचे पैसे सांभाळतो म्हणणाऱ्या या माणसाने त्याला आयुष्यभर वापरून घेतले, यावर चित्रपट ओझरती नजर टाकतो आणि पुढे सरकतो. शेवटच्या वेढ्यात पोलिसांचे जे सैन्य उतरते ते एका खोलीसाठी जरा जास्तच आहे.

त्या वेढ्यातच मात्र सुरुवातीला पेरलेले सगळे उगवून येते. पहिल्यांदा पोलीस आत शिरतात तेव्हा लिऑन पुन्हा अदृश्य होतो, हॉटेलमधल्या कामगिरीसारखाच. मग मटिल्डा त्यांच्या हाती आहे हे कळते आणि तिच्यासाठी त्याला दिसावे लागते. कुऱ्हाडीने भिंत फोडून तो वायुवीजनाच्या पोकळीतून आधी झाड आणि मग तिला खाली सोडतो, आणि मला पलंगावर झोपायचे आहे, मुळे हवी आहेत, असे त्या भिंतीतल्या भोकाशी तोंड नेऊन सांगतो. निरक्षर माणसाचे हे सर्वांत लांब प्रेमपत्र. ते ज्या चौकटीत घेतले आहे तीही पाहा : दोन चेहरे आणि मध्ये फुटलेल्या विटा, दोघांनाही पूर्ण जागा नाही, तुकड्यांत दिसणारा तो माणूस आता तुकड्यांतही ओळखू येतो.

यानंतर तो पोलिसाचा गणवेश आणि मुखवटा चढवून, जखमी शिपाई म्हणून सगळ्यांच्या डोळ्यांदेखत खाली उतरतो. समोर इमारतीचे दार आहे आणि दारातून दिवसाचा उजेड येतो आहे. स्टॅन्सफील्ड मागून येतो. त्या क्षणी आपण लिऑनच्या नजरेतून पाहू लागतो. उजेडाची चौकट तिरकी होते, खाली सरकते आणि जमिनीशी जाऊन थांबते. माणूस पडताना दिसण्यापेक्षा दार पडताना दिसते. त्याने तिला दार उघडून उजेडात घेतले होते. त्याच्या वाट्याचे दार चार पावलांवर राहून जाते. संपूर्ण चित्रपटातले हे दोन उजेड एकमेकांसमोर ठेवून पाहिले की कळते, दोन्ही वेळा कॅमेरा कुठे ठेवायचा हे किती विचाराने ठरवले गेले असेल. पुढे स्टॅन्सफील्डच्या तळहातावर बाँबची कडी ठेवून लिऑन मटिल्डाचे नाव घेतो, आणि सूडाचा हिशेब मिटतो. पण तो हिशेब मला दुय्यम वाटतो.

आपण पुन्हा पाहणार असाल तर आधी छोटी प्रत पाहावी, मोबाइलवर नको, आणि खोलीत अंधार करून पाहावी. आर्बोगास्त यांच्या काळोखात जे तपशील आहेत ते उजेडाच्या खोलीत दिसत नाहीत. दुसऱ्या वेळी लिऑन कुठे बसतो आणि कुठे झोपतो याची नोंद ठेवा. तिसऱ्या वेळी फक्त हातांकडे लक्ष द्या : पेल्यावरचा हात, सुऱ्याचा हात, हातमोज्यातले डुक्कर, पानांवरून फिरणारे फडके, आणि अगदी शेवटी शाळेच्या हिरवळीत दोन्ही हातांनी माती उकरून कुंडीतले झाड लावणारी मुलगी. ती झाडाशी एक वाक्य बोलते, गायक स्टिंगचे गाणे सुरू होते, आणि ज्या झाडीवरून कॅमेरा सुरुवातीला शहरात उतरला होता तसाच तो आता मातीवरून वर उचलला जातो.